मागच्या सीटवर कोण?

“मठ हाच ना?”

शाल्मलीला वाटलं होतं, उदबत्तीचा वास येईल. आला तो पेट्रोलचा.

तिला वाटलं होतं, गुरू आसनावर बसलेले असतील आणि समोर शिष्यांची रांग असेल. अंगणात फणसाच्या झाडाखाली एक जुनी पांढरी मोटार उभी होती. तिच्याखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. शिष्य कुणीच नव्हता. एक कोंबडी होती, ती टपावर बसली होती.

“हाच,” गाडीखालून उत्तर आलं. “तिथला छोटा पाना दे.”

जमिनीवरचा पाना गंजलेला होता. शाल्मलीनं पाठीवरची सॅक उतरवली, स्वतःच्या पेटीतला चकचकीत पाना काढला आणि तो खाली सरकवला.

“हा माझा नाही.”

“माझा आहे. तुमच्यापेक्षा बरा आहे.”

गाडीखाली एक नट करकरत फिरला.

“बरा आहे,” आवाज म्हणाला.

अंतोबुवा बाहेर आले. दाढीला ग्रीस, गळ्यात तुळशीची माळ, माळेत गाडीची किल्ली. एके काळी ते शहरातल्या कॉलेजात इंजिनं शिकवायचे. मग या पठारावर आले आणि भजन शिकवू लागले. पठारावरची माणसं म्हणायची, बुवांना दोन्हीकडं एकच कळतं, ताल चुकला की मान वर करायची.

शाल्मली जर्मनीत मोटारींचं शास्त्र शिकली होती. तिथं मिळालेली नोकरी नाकारून ती परत आली होती. आपलं ज्ञान आपल्या माणसांसाठी, हे वाक्य तिनं विमानात इतक्यांदा मनात म्हटलं होतं की ते तिला आता स्वतःच्या नावासारखं वाटत होतं.

बुवांबद्दल तिला पुण्यात कळलं होतं. पठारावर दुसरं वाहन नाही. एसटी खिंडीपलीकडच्या फाट्यापर्यंतच येते. अडलेली बाई असो, साप चावलेला माणूस असो, बुवांची गाडी खिंड चढून पलीकडं तालुक्याच्या दवाखान्यात उतरते. लोक त्या गाडीला मावशी म्हणतात. आणि आता बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, तोवर गाडी चालवायला डॉक्टरांची मनाई आहे.

“मला गाडी द्या, बुवा,” ती म्हणाली.

“चालवता येते?”

“चालवता येते, दुरुस्त करता येते. वेळ पडली तर नवी बनवताही येते.”

“एवढं नको. ही फक्त खोकते.” बुवांनी माळेतून किल्ली सोडवून दिली. “ऐक. वाड्या-वस्त्यांतल्या एका बाईचे दिवस भरत आलेत. ती दिवाळीपर्यंत थांबायची नाही.”

शाल्मलीनं गाडी सुरू केली. इंजिन थरथरलं, एक ठोका चुकलं, मग कार्बुरेटरच्या तोंडातून फट् करून उलटं फुंकलं. कोंबडी टपावरून उडाली.

“मिक्श्चर लीन आहे,” ती लगेच म्हणाली. “पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होतेय. म्हणजे कुठून तरी चोरून हवा आत येतेय. मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं असणार.”

“बघ.”

तिनं उघडलं. कार्बुरेटरात हवा आणि पेट्रोल एकत्र होतं आणि चार फांद्यांच्या एका ओतीव नळातून इंजिनाच्या चार सिलिंडरांत जातं. तो नळ, म्हणजे मॅनिफोल्ड, इंजिनाला जिथं टेकतो, तिथल्या सांध्यात पॅकिंग असतं. ते फाटलं होतं.

“बघितलंत?” ती म्हणाली.

“मला दिसत नाही,” बुवा म्हणाले. “पण तू म्हणतेस तर फाटलंय.”

तिनं जर्मनीहून आणलेला पॅकिंगचा कागद काढला आणि कात्रीनं असं पॅकिंग कापलं की कडेला एक धागासुद्धा सुटला नाही. कार्बुरेटर उघडून धुतला. ठिणगीचे पॉइंट घासले. चारही प्लग नवे बसवले. मग पेटीच्या तळातून लाल कापडात गुंडाळलेला एक लांब पाना काढला.

“हा काय?”

“हा माझ्या प्राध्यापकांनी दिला. नट हवा तेवढाच आवळतो. पुरे झालं की स्वतः सांगतो.”

ती एकेक नट आवळत गेली.

कट्.

कट्.

“ऐकलंत?”

“ऐकलं,” बुवा म्हणाले. “शहाणा आहे.”

शेवटचा नट पार मागं, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याजवळ होता. तिथं लांब पान्याला जागा नव्हती. तो तिरका बसला. तिनं खांद्यानं जोर लावला.

कट्.

तिनं हात पुसले.

तेवढ्यात फाटकातून एक पोटुशी बाई आली. डोक्यावर टोपली, एक हात कमरेवर. तिनं टोपली उतरवली. भाकऱ्या, ठेचा, कांदा.

“ही कोण नवी, बुवा?”

“इंजिनिअर.”

“बाईमाणूस? बरं झालं. बाप्ये दुरुस्त करत्यात आन् मग बिडी वढाया जात्यात.” ती शाल्मलीकडं वळली. “खा. उपाशी माणसाचा पाना सटाकतो.”

शाल्मलीनं एका हातानं भाकरी खाल्ली, दुसऱ्या हातानं काम चालू ठेवलं. ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई पायरीवर बसून ते समाधानानं बघत राहिली.

राहिलं होतं फक्त मिक्श्चर. या जुन्या कार्बुरेटरच्या बुडाशी एक छोटा नट असतो. तो खाली फिरवला की पेट्रोल वाढतं, वर फिरवला की कमी होतं. शाल्मलीनं कान लावला, नट थोडा खाली घेतला, थोडा वर, पुन्हा किंचित खाली… आणि हात काढला.

गाडी पुटपुटल्यासारखी चालू लागली.

तिनं एक फुलपात्र पाण्यानं काठोकाठ भरलं आणि चालत्या इंजिनावर ठेवलं. पाण्यावर एकही तरंग उठला नाही. पायरीवरची बाई उठली, तिनं फुलपात्र उचललं आणि घटाघटा पिऊन टाकलं.

“ग्वाड लागतंय,” ती म्हणाली. “म्हंजे मावशी बरी झाली.”

शाल्मली हसली. परत आल्यापासून पहिल्यांदाच तिला आपण कोण आहोत ते पक्कं कळल्यासारखं वाटलं. तिनं गाडी बंद केली आणि किल्ली मुठीत धरली.

“आता ही माझ्याकडं राहू दे, बुवा.”

बुवांनी हात पुढं केला. ती बघत राहिली. मग तिनं किल्ली दिली.

“एक रीत आहे,” बुवा म्हणाले. “जो गाडी दुरुस्त करतो, त्यानं खिंडीची पहिली चढण स्वतः चढवायची.”

“चढवते की.”

“आणि मागच्या सीटवर आपलं माणूस बसवायचं. आपलं स्वतःचं.”

“का?”

“रीत आहे.”

शाल्मलीच्या कपाळावर आठी आली. “बुवा, तुम्ही इंजिनं शिकवली आहेत. नट आवळला की आवळला. मागं कोण बसलंय, यानं त्याला काय फरक पडतो?”

“बरोबर. नटाला फरक पडत नाही.”

ती थांबली… तिला पुढचं काही ऐकायचं होतं. बुवा किल्लीला लागलेलं ग्रीस पुसू लागले.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मग कुणीही बसू दे. हे सगळं पठार माझंच आहे. मी या माणसांसाठी परत आले. ही सगळी माझीच माणसं आहेत.”

“एकाचं नाव सांग.”

फणसाचं एक पान खाली आलं.

“तू आज भाकरी खाल्लीस,” बुवा म्हणाले. “ती जिनं आणली, तिचं?”

शाल्मलीनं पायरीकडं बघितलं. तिचे कान तापले.

“सगुणा,” ती बाई स्वतःच म्हणाली. “इचारायचं की. नावाला काय जकात न्हाई.”

“माफ करा. सगुणाबाई.”

“बाई कशाला. आन् बसतेच मी मागं. मलाच तर न्यायचीया.”

“नाही,” बुवा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा कोरडा झाला की सगुणानं पदर सावरला. “तू अजून तिचं माणूस झालेली नाहीस. आज मी बसतो.”

“तुम्ही माझे?” शाल्मलीनं विचारलं.

“मी ओझं,” बुवा म्हणाले. “चल.”

गाडी झाडाखालून निघाली ती लोण्यासारखी. वस्ती मागं पडली, नाचणीची शेतं मागं पडली. शाल्मलीनं आरशात बघितलं. बुवा डोळे मिटून बसले होते.

“झोपलात?”

“ऐकतोय.”

“कसं वाटतंय?”

“अजून चढण यायची आहे.”

चढण आली. पहिल्या वळणाला काही झालं नाही. दुसऱ्या वळणाला इंजिन एक ठोका चुकलं. मग दुसरा. मग कार्बुरेटरनं फट् केलं.

तिनं गाडी थांबवली. उभी राहिल्यावर ती सकाळसारखीच थरथरत होती.

“पेट्रोल कमी पडतंय,” ती म्हणाली आणि बॉनेट उघडून नट खाली घेतला.

गाडी पुढं गेली. आता मागून काळा धूर आला आणि इंजिन गुदमरू लागलं. ती पुन्हा उतरली, नट वर घेतला. फट्. खाली घेतला. धूर. वर आणि खाली यांच्यामध्ये कुठंही अशी एक जागा नव्हती की जिथं गाडी सुखी होईल.

“इथलं पेट्रोल भेसळीचं असणार,” ती म्हणाली.

“असेल.”

“कार्बुरेटर झिजलाय.”

“असेल.”

“आणि हा रस्ता…”

“रस्ता?”

“काही नाही.”

खिंड वर दिसत होती. तिच्या दोन कातळांमधून पलीकडचं आभाळ दिसत होतं. शाल्मलीनं गाडी तिथंच वळवली. उतारावर ती नुसतीच घरंगळत आली, मठाच्या फाटकापर्यंत.

सगुणा अजून पायरीवर होती. तिनं गाडीकडं बघितलं, शाल्मलीच्या तोंडाकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच ती काही बोलली नाही.

ते शाल्मलीला सोसवलं नाही.

“हा सांगाडा आहे, बुवा. भंगारात घाला. मी उद्या पुण्याला जाते. तिथं संस्था आहेत, माझ्या ओळखी आहेत. महिन्याभरात नवी गाडी आणून उभी करते.”

“आण.”

“खरंच आणीन.”

“आण की. चांगलंच होईल.” बुवा पायरीवर बसले. “महिनाभर सगुणाला काय सांगू, तेवढं सांगून जा.”

सगुणा आपल्या पोटाकडं बघून म्हणाली, “मला न्हाई, ह्येला सांगा.”

शाल्मली गाडीच्या पुढच्या चाकाजवळ बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला आपल्याच हातांचा राग येत होता… ते कधी असे वागले नव्हते.

“प्लग काढ,” बुवा म्हणाले.

“नवे आहेत.”

“काढ.”

तिनं गरम प्लग फडक्यात धरून काढले. बुवांनी ते पायरीच्या दगडावर ओळीनं मांडून घेतले. जेवणाच्या पंगतीत पानं मांडावीत तसे. मग त्यावर वाकले.

“रंग सांग. मला चारही एकच दिसतात.”

“काळा,” शाल्मली म्हणाली. “काळा. काळा.” ती थांबली. “पांढरा.”

“पांढरा कुठला?”

“चौथ्या सिलिंडरचा.”

“काळा म्हणजे?”

“पेट्रोल जास्त झालं. काजळी धरलीय.”

“पांढरा म्हणजे?”

“पेट्रोल पोचलंच नाही. हवाच जास्त.”

बुवांनी दाढी खाजवली. “एका पातेल्यातला भात. चौघांना एकाच पळीनं वाढला. तिघांची पोटं फुगली. एक उपाशी.” त्यांनी चौथ्या प्लगवर बोट ठेवलं. “भात वाढवू, की कमी करू?”

शाल्मली पायरीपाशी वाकली.

ती प्लगकडं बघत राहिली. कार्बुरेटर एक. तो चौघांना सारखंच देतो. तिघांना जास्त आणि चौथ्याला कमी, असं त्याला करताच येत नाही. मग मिक्श्चरचा नट वर घेऊन उपयोग नव्हता आणि खाली घेऊनही नव्हता. चौथ्याच्या दाराशीच कुणीतरी हवा घालत होतं.

“पण ते मी बघितलंय,” ती म्हणाली.

“काय काय बघितलंस?”

“कार्बुरेटर. पॉइंट. वायरी. सगळं.”

“पॅकिंग?”

“ते तर मी स्वतः…”

ती बोलता बोलता उभी राहिली.

“ते तू स्वतः काय?” बुवांनी विचारलं.

शाल्मलीनं प्लग पुसून परत बसवले, गाडी सुरू केली आणि ती खोकत असतानाच म्हणाली, “बुवा, तुमच्या पंचपात्रातली पळी द्या.”

“कशाला?”

“पाणी हवंय. थेंबाथेंबानं.”

बुवा आत जाऊन पूजेची पळी आणि पंचपात्र घेऊन आले. शाल्मलीनं पळीनं पहिल्या फांदीच्या सांध्यावर पाणी सोडलं. चर्र झालं. इंजिन तसंच. दुसऱ्या फांदीवर सोडलं. तसंच. तिसऱ्या.

चौथ्या फांदीच्या सांध्यावर, पार मागं, पाणी पडलं मात्र, आणि सांध्यानं ते आत ओढून घेतलं. इंजिन क्षणभर सावरलं. पाणी संपलं, पुन्हा थरथरलं.

तिनं आणखी एक पळी सोडली. पुन्हा सावरलं.

बुवांनी मान वर केली होती.

“हे काय केलंस?”

“पाण्यानं फट क्षणभर बुजते. जिथं टाकल्यावर आवाज बदलतो, तिथून हवा जातेय. थंड असताना सांधा धरून होता, तापल्यावर सुटला.”

“हे मला ठाऊक नव्हतं,” बुवा म्हणाले. “पुन्हा कर.”

तिनं पुन्हा केलं. म्हातारा माणूस डोळे मिटून ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर, कुणा लहान मुलीनं पहिला अभंग न अडखळता म्हटल्यावर येतं तसं काहीतरी आलं.

शाल्मलीनं गाडी बंद केली. लाल कापडातल्या पान्याकडं तिनं हात नेला आणि मागं घेतला.

“तो तिथं नीट बसतच नव्हता,” ती हळूच म्हणाली. “तिरका बसला होता. मला हाताला कळलं होतं. पण तो कट् म्हणाला.”

“आणि तू?”

“मी हात पुसले.”

तिनं बुवांचा गंजलेला छोटा पाना उचलला, तो त्या अडचणीच्या जागेत अलगद बसवला आणि ओढला. नट फिरला. चांगला फिरला. तिनं बाकीचे सगळेही हातानं तपासले. मग कार्बुरेटरचा नट तिनं पुन्हा जुळवला, अगदी नव्यानं, काही झालंच नाही असं समजून.

गाडी चालू राहिली. तापली. तरी चालू राहिली. तिनं फुलपात्र ठेवलं नाही.

“बुवा,” ती म्हणाली, “मी उत्तम कारागीर आहे.”

“आहेस.”

“तुम्हाला हे गर्वाचं वाटत नाही?”

“चौथा प्लग पांढरा होता, हे तू सांगितलंस. काळा म्हणाली असतीस तर मला कुठं दिसणार होतं?” बुवा उठले. त्यांनी किल्ली परत माळेत अडकवली. “उद्या सकाळी खिंड. मागं कोण?”

“पुण्याहून बाबांना बोलावते. येतील ते. परवा पोचतील.”

“चालेल. मग परवा खिंड.”

“रीतीत बसतं ना?”

“बसतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन निघाली. पठारावर फोनला रेंज एकाच जागी येते, वस्तीच्या टोकाच्या कातळावर. वाटेत सगुणाचं घर होतं. ती दारात सडा घालत होती, एक हात कमरेवर.

“निगालीस व्हय पुण्याला?”

“नाही, सगुणाबाई. फोन करायला. बाबांना बोलावतेय. मागच्या सीटवर बसायला.”

“लांबनं बोलावतीस.” सगुणानं सडा पुढं मारला. “बरं हाय. बापाचं काळीज आसतंय.”

शाल्मली दोन पावलं पुढं गेली आणि थांबली.

“ही रीत कुणी काढली?”

“बुवांनी.”

“कधी?”

सगुणानं बादली खाली ठेवली.

“माजी बाळंतपणाची पयली खेप व्हती,” ती म्हणाली. “तवा डायवर दुसरा व्हता. गाडी आदल्या दिशीच दुरुस्त झालेली. खिंडीच्या खाली बंद पडली. पाऊस न्हवता, चिखूल न्हवता. चांगलं ऊन पडलं व्हतं…”

एक कावळा कौलावर येऊन बसला आणि उडून गेला.

“पोरगी व्हती,” सगुणा म्हणाली.

“गाडी… दुरुस्त कुणी केली होती?”

सगुणा घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. तिनं मठाच्या दिशेनं हनुवटी केली.

“चल. तेवढ्यासाठीच निगाली व्हती. ऊन ऊन लागती त्यांस्नी.”

“तुम्ही त्यांना रोज भाकरी नेता?”

“रोज.”

“राग नाही येत?”

“येतो की. म्हणून तर मिरची दोन जास्त घालती.” सगुणा चालायला लागली. मागं न बघता ती म्हणाली, “त्ये खात्यात. एक दिस न्हाई म्हणलं न्हाई.”

शाल्मलीनं हातातल्या फोनकडं बघितलं. कातळ आणखी थोडा पुढं होता.

तिनं फोन खिशात टाकला आणि सगुणाच्या मागून मठाकडं वळली.

बुवा पायरीवर होते. सगुणानं भाकरी त्यांच्यापुढं ठेवली. शाल्मलीनं हात पुढं केला.

“किल्ली द्या, बुवा.”

“फोन लागला?”

“केला नाही.”

बुवांनी तिच्याकडं बघितलं. ते नक्की काय बघत होते, त्यांनाच ठाऊक. त्यांनी किल्ली सोडवून तिच्या तळव्यावर ठेवली.

शाल्मलीनं गाडी तापवली. फडकं गुंडाळून सगळे नट तपासले. बॉनेट लावलं. मग मागचं दार उघडलं आणि सगुणासमोर उभी राहिली.

“सगुणाबाई, बसा.”

“आता? मी?” सगुणा हसली. “काल फटाकं वाजवीत व्हती की तुजी मावशी.”

“मागं माझं माणूस बसतं. तशी रीत आहे.”

सगुणाचं हसू थांबलं. तिनं बुवांकडं बघितलं. बुवा भाकरीचं फडकं सोडत होते.

“आज तपासणीची तारीख हायच म्हणा,” ती पुटपुटली. तिनं पोटाखाली हात धरला आणि हळूहळू आत बसली. “पर बेतानं. ह्यो बी ऐकतोय.”

शाल्मलीनं दार लावलं, नीट लागलंय का ते ओढून बघितलं. पुढं येऊन बसली. किल्लीला हात घातला. आरशात सगुणाचं तोंड दिसत होतं. ती खिडकीबाहेर, खिंडीकडं बघत होती आणि तिनं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती.

शाल्मलीनं किल्लीवरचा हात काढला. खाली उतरली. पुन्हा बॉनेट उघडलं.

“आता काय ऱ्हायलं?” सगुणानं विचारलं.

“काही नाही.”

तिनं गंजलेला पाना शेवटच्या नटावर बसवला. नट घट्ट होता. आत्ताच तपासला होता. तिनं तो पुन्हा एकदा ओढून बघितला, आणि मग तिथंच हात ठेवून जराशी उभी राहिली…

बॉनेटचा आवाज ऐकून पायरीवर बुवांचा हात भाकरीवर थांबला होता.

शाल्मलीनं बॉनेट लावलं, पाना खिशात ठेवला. गाडी सुरू झाली. पुटपुटत, एकसारखी. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“बुवा, पुढं जागा आहे. तुम्ही येत नाही?”

अंतोबुवांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात घातला. त्यांच्या मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यांनी पुसलं नाही.

“मी ओझं. कालच उतरलो,” ते म्हणाले.